साखर कारखान्याच्या लॅबमधली ओजेटी: काय शिकले, काय राहिलं (सांगली)

कृष्णाकाठची

एमएस्सी रसायनशास्त्र, पहिलं वर्ष, सांगली. नव्या शैक्षणिक धोरणामुळे दुसऱ्या सेमिस्टरला 4 क्रेडिटची ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आली आहे. ती कुठे करायची यावर आमच्या वर्गात दोन आठवडे चर्चासत्र चाललं होतं. बहुतेकांनी घराजवळची पाणी तपासणीची नाहीतर मिरजेतली एखादी पॅथॉलॉजी लॅब धरली. मी साखर कारखाना घेतला. जिल्ह्यातलाच आहे, नाव विचारू नका. इंटर्नशिपवरचे धागे शोधले तर सगळे इंजिनिअरिंगवाल्यांचे. आमच्यासारख्यांसाठी काहीच नाही, म्हणून जरा पसरट लिहितेय.

पहिली गोष्ट, हंगामात जा. गळीत नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं आणि मार्चच्या पुढेमागे संपतं. मे महिन्यात गेलात तर उघडलेल्या मिल आणि ओव्हरहॉलिंग बघून परत याल. लॅबमध्ये तेव्हा काचसामान धुण्यापलीकडे फारसं काम नसतं. मी फेब्रुवारीत गेले. रस्त्यावर बैलगाड्या आणि अंगदांच्या (ट्रॅक्टरला जोडलेल्या ऊसगाड्यांच्या) रांगा, एसटी तासभर उशिरा, आणि मळीचा वास केसांतून जाता जात नाही, एवढी तयारी ठेवायची.

लॅबमध्ये मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते सॅम्पल बॉय. पदाचं नाव बॉय, वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. केमिस्ट साहेबांनी तक्ते समजावले, पण हात तात्यांनी बसवला.

उदाहरणार्थ ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांची टक्केवारी. कॉलेजात आपण रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून मोकळे होतो. इथे रसाचा ब्रिक्स अजून स्पिंडलनेही (खाली फुगा, वर आकड्यांची दांडी असलेलं तरंगतं मापक) बघतात. मिलवरून आणलेला रस फेसाळ असतो, त्यात हवा आणि माती दोन्ही. सिलिंडरमध्ये ओतून तो थोडा वेळ तसाच ठेवायचा. हवा वर येते, माती खाली बसते. मग वरून आणखी रस घालून फेस काठावरून ओघळू द्यायचा. स्पिंडल कोरडा पुसायचा, दांडीला वरून धरायचा आणि तो जिथे तरंगेल असं वाटतं तिथपर्यंत अलगद न्यायचा. घाईने सोडला की तो खोल बुडी मारून वर येतो, वरच्या दांडीला रस चिकटतो, त्या वजनाने स्पिंडल खाली बसतो आणि ब्रिक्स कमी दिसतो. उलट फुग्याला बुडबुडे चिकटलेले राहिले तर तो वर उचलला जातो, ब्रिक्स जास्त दिसतो. त्यात तापमानाची दुरुस्ती. आपल्याकडचे स्पिंडल साधारण 27.5 अंशांना जुळवलेले असतात. रस त्याहून गरम असेल तर वाचनात मिळवायचं, गार असेल तर वजा करायचं. तात्या तक्ता न बघता सांगायचे, पण वहीत लिहिताना मला तक्ता उघडायला लावायचे.

पोल, म्हणजे त्यात साखर किती टक्के, ते काढायला पोलॅरिमीटर. 26 ग्रॅम शुद्ध साखर 100 मिलीत विरघळवून 200 मिमीच्या नळीत भरली की 100 दिसतात, हे पुस्तकात होतंच. पण उसाचा काळपट हिरवा रस नळीत भरला तर पलीकडचं काही दिसत नाही. आधी त्यात लेड सबअसिटेट घालून घाण खाली बसवायची, गाळायचं, पहिले थेंब फेकायचे, मग नळी भरायची. ब्रिक्स 20 आणि पोल 17 आला तर शुद्धता 85. गणित चौथीतलं आहे. 20 आणि 17 खरे आहेत का, हेच सगळं काम.

आता मुख्य किस्सा. मिलमधून पिळून निघालेल्या बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) थोडी साखर राहतेच, पोल 2 टक्क्यांच्या आसपास, ओलावा 50 च्या. एका दुपारी माझं वाचन 2.6 आलं. मिलच्या फोरमन साहेबांना कळवलं तर ते वरच येऊन उभे राहिले. म्हणाले, "कॉलेजच्या पोरीनं काढलंय, परत काढा." केमिस्ट साहेब जेवायला गेलेले. तात्यांनी मला पुढे केलं, स्वतः बोलले नाहीत. आम्ही कॅरिअरच्या (बगॅस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या) दोन्ही कडांचा आणि मधला असा बगॅस घेऊन परत लावला. तेवढ्या वेळात मी त्याच तासाचा मिक्स्ड ज्यूसचा (मिलमधून निघालेल्या एकत्र रसाचा) ब्रिक्स बघितला. तो नेहमीपेक्षा वर गेलेला. म्हणजे रस घट्ट येतोय आणि साखर बगॅसमध्ये राहतेय. शेवटच्या मिलवर साखर धुवून काढायला जे इंबिबिशनचं पाणी मारतात, ते कमी झालं की दोन्ही गोष्टी एकदम होतात. मी फोरमनना तेवढंच विचारलं, "पाणी कमी झालंय का?" ते काही न बोलता खाली गेले. व्हॉल्व्ह अडकला होता. दुसरा नमुनाही 2.5 च्या वरच आला होता.

एकटा आकडा घेऊन भांडायला जायचं नाही, त्याचा जोडीदार शोधायचा, हे मला तिथे कळलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं, आपण तिथवर पोचतो फक्त (सगळेच पोचतो, कसे ते सगळ्यांना माहीत आहे).

बाकी शिकलेलं: वहीत व्हाइटनर चालत नाही, चुकलं तर एक रेघ, बाजूला नवा आकडा आणि सही. एक्सेलमध्ये रोजचा मॅन्युफॅक्चरिंग रिपोर्ट. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पॅनमनशी (पॅनमध्ये रस आटवून साखरेचे दाणे पाडणारा) मशिनच्या आवाजात बोलणं.

राहिलं ते म्हणजे रात्रपाळी. मला मागूनही दिली नाही. त्यावर खाली लिहीन कुणी विचारलं तर.

---

तासगावचा_बेदाणा

एक नंबर लिहिलंय ताई. आमच्याकडं फूड टेक्नॉलॉजीची पोरं बेदाण्याच्या युनिटला येतात, त्यांना दिवसभर प्रतवारीच्या पट्ट्यावर उभं करतात आणि शेवटी सर्टिफिकेट. तुम्हाला नमुने घ्यायला तरी दिले. जागा कशी मिळाली? ओळख लागते का?

---

कृष्णाकाठची

ओळख होती असं खोटं कशाला बोलू, नव्हती. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन आधी चीफ केमिस्टना भेटले. ऑफिसला पत्र दिलं की ते फाइलमध्ये जातं. लॅबला माणसं कमी असतात, त्यांना हात हवा असतो. फक्त जानेवारी उजाडायच्या आत जा, ऐन गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो.

---

जुना_केमिस्ट

हंगामामागून हंगाम लॅबमध्येच गेले, आता निवृत्त. पोरी, चांगलं पकडलंस. दोन गोष्टी घाल त्यात.

एक, लेड सबअसिटेट हे शिशाचं मीठ आहे. विष. आमच्या वेळी उघड्या हातानं डबीतून चिमूट घेऊन टाकायचो आणि त्याच हातानं चहा प्यायचो. तू हातमोजे घातलेस का, आणि गाळलेला गाळ कुठं टाकलात, हे तुझ्या रिपोर्टात असू दे. परीक्षक शहाणा असेल तर हेच विचारेल.

दोन, तुला ताळेबंद दाखवला का? उसातून आत आलेली सगळी साखर कुठंतरी दिसायला पाहिजे. पोत्यात, मळीत, बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात). समज उसात 14 टक्के आली आणि पोत्यात 12 भरली, तर मधले 2 कुठं गेले ते लिहावं लागतं. मळीत सगळ्यात जास्त, मग बगॅस. तरीही जे उरतं ते अनडिटरमाइंड लॉस. चीफ केमिस्ट सकाळी रिपोर्ट हातात घेतला की आधी तो आकडा बघतो. वाढला तर कुठंतरी रस सांडतोय, नाहीतर साखर आतल्या आत फुटतीय, नाहीतर लॅबवाला झोपलाय. तिन्ही माझ्या नोकरीत घडलंय. तिसऱ्याचं नाव सांगत नाही.

---

कृष्णाकाठची

@जुना_केमिस्ट काका, हातमोजे मी घरून नेले होते, तिथे नव्हते. गाळाचं विचारलं नव्हतं, उद्या फोन करून विचारते आणि रिपोर्टात घालते. ताळेबंद दाखवला, पण घाईत. साखर "आतल्या आत फुटते" म्हणजे इन्व्हर्जन ना?

---

जुना_केमिस्ट

तेच. रस आम्ल राहिला आणि वर गरम झाला की सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जातं. म्हणून चुना आणि सल्फर डायऑक्साइड देताना रसाचा पीएच 7 च्या आसपास धरतात. आणि ऊस तोडून फडात पडून राहिला तर हे कारखान्यात यायच्या आधीच सुरू होतं. तोडल्यापासून 24 तासांत गाळप व्हावं म्हणतात ते उगाच नाही. जळका ऊस आणि उन्हात उभी राहिलेली अंगद, दोन्हींचा रस हाताला बुळबुळीत लागतो. डेक्स्ट्रान, जंतूंनी साखरेपासून केलेला चिकट पदार्थ. पुढं पॅनमन रडतो, दाणा लांबुळका होतो.

---

सव्वादोन_एकर

सगळं वाचलं. मी ऊस घालणारा माणूस. ताई, शिकलीस चांगलं झालं, पण मला साधं सांग. उतारा, म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघाली तो आकडा, दाबतात का नाही? आमच्या पट्ट्यात 86032 ही जात लावतोय, ऊस गोडीला लै भारी, आणि कारखाना उतारा सांगतो शेजारच्यापेक्षा कमी. 2025-26 ला एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. त्यापुढं दर 0.1 ला 3.46. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. एकरी 50 टन धरा, एका 0.1 ला 1730 रुपये एका एकरात. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. तुमच्या त्या नळीत बघून जो आकडा लिहिता, त्याच्यावर आमच्या पोरांची फी आहे.

---

कृष्णाकाठची

दादा, माझे मामाही ऊस घालतात, दुसऱ्या कारखान्याला. घरी पहिल्या रविवारी हाच प्रश्न आला, तोही जेवताना, सगळ्यांसमोर. मी काय सांगितलं ते इथेही सांगते. मी जे नमुने स्वतः घेतले आणि स्वतः वाचले तेवढ्याची मी सही केली आहे आणि तेवढ्याबद्दलच बोलू शकते. त्यात मला कुणी आकडा बदलायला सांगितला नाही. पलीकडच्या पाळीचं, काट्याचं, गोडाउनचं मी बघितलेलं नाही, तर "दाबत नाहीत" असंही म्हणणार नाही. मामा म्हणाले, मग शिकून काय उपयोग. मामी म्हणाल्या, भाजी घ्या.

एक मात्र मला आधी माहीत नव्हतं आणि बहुतेक उसवाल्यांनाही नसतं. तुमच्या ट्रॉलीतला ऊस वेगळा तपासून तुमचा वेगळा उतारा निघत नाही. गव्हाणीत सगळा एकत्र पडतो. दर ठरतो तो कारखान्याच्या हंगामाच्या सरासरी उताऱ्यावर. तुमचा 86032 कितीही गोड असला तरी त्याची गोडी शेजाऱ्याच्या पाचट-माती लागलेल्या उसात मिसळते.

---

जुना_केमिस्ट

@सव्वादोन_एकर बरोबर विचारलंत, रागवायचं कारण नाही. फक्त भांडण योग्य जागी करा. लॅबमधला पोल हा कारखान्याला स्वतःसाठी लागतो, खोटा लिहिला तर त्यांचाच ताळेबंद बसत नाही. उतारा काढतात तो काट्यावर आलेला ऊस आणि तयार साखर यावर. तेव्हा बघायचं ते काटा आणि साखर. दुसरं, हल्ली बी हेवी मळी (साखर पूर्ण न काढलेली) इथेनॉलला वळवतात. त्यात जी साखर गेली ती पोत्यात दिसत नाही, म्हणजे नुसत्या पोत्यांवर उतारा काढला तर तो कमीच येणार. वळवलेली साखर धरून उतारा काढायचा असतो. सभेत उठून "इथेनॉलला किती गेली आणि ती उताऱ्यात धरली का" एवढं एकच विचारा. आरटी-8-सी नावाचा हंगामअखेरचा रिपोर्ट असतो, त्यात सगळं असतं.

---

सव्वादोन_एकर

सभेत उठून विचारलं की माईक बंद पडतो काका. पण लिहून घेतलं. आरटी आठ सी.

---

कोडवाला_विश्रामबाग

तुम्ही लोक नशीबवान. आमची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची इंटर्नशिप अशी: एका कंपनीनं (पुण्यातली, नाव नाही सांगत) ऑनलाइन अर्ज घेतला, निवड झाली म्हणून मेल आला, आणि मग "ट्रेनिंग किट"चे पैसे मागितले. पैसे भरले की रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. शेवटी सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट. वर्गातल्या निम्म्या पोरांकडे तेच सर्टिफिकेट, तोच प्रोजेक्ट, वरचं नाव तेवढं वेगळं. प्लेसमेंटला आलेल्या बाईंनी प्रोजेक्टबद्दल दुसराच प्रश्न विचारला आणि आम्ही गप्प.

तुमच्या व्हॉल्व्हच्या किश्श्यासारखं सांगण्यासारखं माझ्याकडे एकही वाक्य नाही. आता सुट्टीत गावातल्या एका ट्रॅक्टर गॅरेजचा स्टॉक सॉफ्टवेअरवर घेऊन देतोय, फुकट. मालक रोज नवी अडचण काढतो. एकाच पार्टला तीन नावं, उधारी वहीत, वही पोराकडे. पण निदान अडचण खरी आहे.

---

पालक_मिरज

माझी मुलगी बीएस्सीला आहे. रात्रपाळीचं खाली लिहीन म्हणालात, तेवढं लिहा. आणि मानधन काही दिलं का? एवढं राबवून घ्यायचं आणि एक रुपया नाही, हे मला पटत नाही.

---

कृष्णाकाठची

मानधन नाही. जेवण कॅन्टीनला कामगारांच्या दरात, एवढंच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पदवीधरांना महिना 10,000 मिळतात, पण ते शिक्षण संपलेल्यांसाठी, चालू असलेल्यांसाठी नाही. कॉलेजच्या ओजेटीत पैसे मागायला गेलं की दारच बंद होतं, हे खरं. बरोबर आहे असं नाही म्हणत मी. रोजचं एसटीचं भाडं तरी द्यायला हरकत नसावी. दोन मुलींनी आमच्या वर्गात भाड्यापायी जवळची, नावापुरती लॅब धरली. त्या माझ्यापेक्षा हुशार आहेत.

रात्रपाळी. कारखाना 24 तास चालतो, पाळ्या पहाटे 4 ला, दुपारी 12 ला, रात्री 8 ला बदलतात. मला जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी घरी. कारण दिलं ते सुरक्षेचं, आणि खरं सांगायचं तर लॅबच्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही, ऑफिसच्या इमारतीत जावं लागतं, मधे यार्डात गाड्या. रात्री ती वाट मलाही नको वाटली असती. पण त्यामुळे काय सुटलं बघा. पाळी बदलताना आधीचा केमिस्ट पुढच्याला जे सांगून जातो (कुठला पॅन कधी सोडायचा, कुठला पंप कुरकुरतोय) ते कागदावर नसतं. ते मी कधीच ऐकलं नाही. वर्गातला एक मुलगा दुसऱ्या कारखान्यात होता, त्याला पहाटेची पाळी मिळाली. तो आता पॅनबद्दल माझ्यापेक्षा जास्त बोलतो. वाटेवर दिवे आणि त्या मजल्यावर एक खोली बांधली की हा प्रश्न सुटतो. आजवर त्या लॅबमध्ये कुणी मुलगी आलीच नव्हती, म्हणून कुणाला सुचलं नाही असं केमिस्ट साहेब म्हणाले. मी रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ते लिहिलं आहे.

---

फळा_आणि_खडू

कॉलेजात शिकवतो, ओजेटीच्या फायली तपासतो. ते शेवटचं पान काढायला कुणी सांगितलं तर काढू नकोस.

बाकीच्यांसाठी: रोजच्या डायरीत "आज पोल काढायला शिकलो" असलं लिहू नका. आकडा लिहा, तो कुठल्या नमुन्याचा, किती वाजता, शंका काय आली ते लिहा. माझ्याकडे शंभरात नव्वद डायऱ्या एकाच रात्री एकाच पेनानं लिहिलेल्या येतात. ओळखू येतं हो. पहिल्या दिवशीचं अक्षर आणि शेवटच्या दिवशीचं अक्षर सारखंच दमलेलं असतं.

---

तासगावचा_बेदाणा

सर 😄

---

कोडवाला_विश्रामबाग

@जुना_केमिस्ट काका, ज्यांना साखरेतच पुढं जायचंय त्यांना काय वाट आहे? माझा भाऊ बीएस्सीला आहे, म्हणून विचारतोय.

---

जुना_केमिस्ट

पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, कानपूरला राष्ट्रीय शर्करा संस्था. साखर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास तिथं होतो, लॅबमधनं वर चढायचं असेल तर तो कागद लागतो. पण आधी एक हंगाम कुठल्याही लॅबमध्ये काढू दे. झोप, वास आणि फोरमन, तिन्ही सोसलं तर मग पैसे भरा. आणि हंगामी नोकरी म्हणजे काय ते घरी आधी सांगून ठेवा. पावसाळ्यात हात रिकामे असतात.

---

सव्वादोन_एकर

ताई, शेवटचं. भावानं हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणलाय ऑनलाइन. परवा बांधावरच्या उसाचा एक थेंब टाकला, 21 दाखवतंय. 86032, आडसाली. तोड यायची हाय. तयार झाला म्हणायचा का?

---

कृष्णाकाठची

एका थेंबावरून नाही सांगता येणार दादा, आणि बांधावरच्या उसावरून तर नाहीच. त्याला ऊन आणि वारा जास्त मिळतो, तो आतल्या उसासारखा नसतो. फडाच्या आत जाऊन चार-पाच ठिकाणचे ऊस घ्या. प्रत्येकाचा बुडख्याकडचा, मधला आणि शेंड्याकडचा रस वेगवेगळा बघा. शेंड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या जवळ आला असेल, म्हणजे शेंडा भागिले बुडखा 1 च्या आसपास, तर तयार. शेंडा बराच मागे असेल तर अजून थांबायला हवं. प्रत्येक वेळी काच पाण्याने धुऊन कोरडी पुसा, आणि सुरुवातीला साध्या पाण्यावर शून्य येतोय का बघा. ऑनलाइन आणलेल्यांचा बऱ्याचदा येत नाही. काचेवरच्या झाकणाच्या मागे शून्य जुळवायचा स्क्रू असतो.

आकडे इथेच टाका, तिन्ही वेगळे.

---

सव्वादोन_एकर

पाण्यावर 2 दाखवतंय. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा?